सिंधूअक्काच्या मांडीवर

सिंधूअक्का आता आमच्या बसला नसते. ती काम करते तो एम्ब्रॉयडरीचा कारखाना शहराबाहेर, सचिन गावाकडे हलला आणि नवागामच्या बायकांना न्यायला शेठचा टेम्पो येतो. बस तीच आहे. मी सकाळी पर्वत पाटियाला चढते आणि सवयीनं डावीकडच्या तिसऱ्या खिडकीकडे बघते. तिथे कोणीतरी फोनमध्ये डोकं घालून बसलेलं असतं, आणि त्याच्या मांडीवर फक्त त्याची स्वतःची बॅग असते.

तिच्याबद्दल मला फारसं माहीत नाही. गाव शिरपूरकडचं, नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला, घरात कोण कोण आहे ते मी कधी विचारलं नाही. मी विचारणाऱ्यांतली नाही. बसमध्ये मी कानात इअरफोन घालून उभी राहायचे, आणि पुष्कळदा त्यात काहीच लागलेलं नसायचं. कोणी बोलायला येऊ नये म्हणून घातलेले असायचे. दोन वर्षं जवळजवळ रोज तिच्या सीटशेजारी उभी राहिले, तेवढ्यात जे दिसलं आणि ऐकू आलं तेच लिहिते आहे.

पहिल्यांदा तिनं माझी बाही धरली. मी दचकले. तिच्या गळ्यात एका लेसला बांधलेली छोटी कात्री होती, बोटांत मावेल एवढी. तिनं बाहीला लोंबणारा एक दोरा चिमटीत धरला, कच्‌ करून कापला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कवाचा लोंबकळी ऱ्हायनाय. डोळ्यात खुपस माले."

कारखान्यात तिचं कामच ते होतं, धागा कटिंग. मशीनवरून उतरलेल्या साडीच्या मागच्या बाजूला उरलेले दोरे कापायचे, दिवसभर, पाय पसरून. त्यामुळे तिच्या पदरावर, केसांत, चपलेत कुठे ना कुठे जांभळा, पोपटी, जरीचा दोरा चिकटलेला असायचाच. लोकांच्या अंगावरचे दोरे तिला लगेच दिसत. स्वतःच्या अंगावरचे कधी दिसले नाहीत.

बाही सोडल्यावर तिनं हात पुढे केला. "आन इकडं."

"काय?"

"बॅग. माझी मांडी रिकामी, अन् तुझा खांदा तुटी ऱ्हायना. आन."

तेव्हा मी पाहिलं. तिच्या मांडीवर आधीच तीन बॅगा होत्या, एकीवर एक, आणि सगळ्यात वर कुणाचा तरी डबा. ती नवागामला चढायची, तिथे सीट मिळायची. पुढे बस भरत जायची, आणि उभ्या राहिलेल्या बायकांच्या बॅगा तिच्या मांडीवर येत जायच्या. हे आपल्याकडे सगळेच करतात, बसलेल्यानं उभ्याची पिशवी घ्यायची. पण अक्का ते एखादी नोकरी असल्यासारखं करायची. तिचे नियम होते. बॅग देताना आपण कुठे उतरणार ते सांगायचं. जो आधी उतरणार त्याची बॅग वर. जमिनीवर बॅग ठेवायची नाही, "पाय ठेवायच्या जागी कोनी डबा ठेवस का?" आणि स्टेशन, म्हणजे आमच्या बसचा थांबा, यायच्या आधी ती स्वतः बॅग वर उचलून धरायची. तिला नावं माहीत नसायची. ती माणसांना त्यांच्या बॅगेवरून हाक मारायची. "ए हिरवी, तुझं कापोद्रा आलं." "ओ डबेवाल्या भाभी, उतरा." मी 'लॅपटॉप' होते. माझं खरं नाव तिला शेवटपर्यंत माहीत नसावं. मीही कधी सांगितलं नाही, आणि मला त्या हाकेची सवय झाली. ऑफिसमध्ये दिवसभर कोणी मला हाक मारत नसे.

तिकीट तपासणारा एक उंच माणूस कधीकधी चढायचा. अक्काच्या मांडीवरचा ढीग बघून एकदा म्हणाला, "मासी, आ बस छे के दुकान?"

"दुकान छे," अक्का त्याच्याच गुजरातीत म्हणाली. "तारी टोपी मूकवी छे?" तुझी टोपीपण ठेवायची का, म्हणून.

सगळी बस हसली. त्यानंतर तो चढला की बायका त्याच्या टोपीकडे बघायच्या आणि तो लवकर पुढे सरकायचा.

एकदा एका बाईनं कडेवरचं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि पाठोपाठ पिशवीही दिली. अक्कानं पिशवी परत केली. "दोन्ही मी धरू? मंग तू काय करशी, हवा खाशी?" बाळ मात्र तिनं पूल संपेपर्यंत धरलं. तापी ओलांडताना त्याला खिडकीतून पाणी दाखवलं, आणि त्याच्या टोपीवरचा एक दोराही कापला.

कोणाच्या बॅगेत काय आहे ते ती विचारायची नाही. अंदाज मात्र करायची. "तुझ्या डब्यात आज वरण आहे, मांडी भाजते." "लॅपटॉप, तुझ्या मशीनला ताप आला का?" एवढंच. चेन कधी उघडली नाही, आणि कोणाला उघडू दिली नाही. एकदा एका कॉलेजच्या मुलीला चार्जर हवा होता. तिची मैत्रीण पुढे उभी होती आणि मैत्रिणीची बॅग अक्काच्या मांडीवर. मुलीनं सरळ चेनला हात घातला. अक्कानं तिच्या हातावर फटका मारला. हलका, पण आवाज आला.

"अरे, मेरी फ्रेंड की है!"

"तर मंग फ्रेंडला बोलाव."

मुलगी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. दोन स्टेशनं गेल्यावर अक्का, मला उद्देशून की कोणालाच नाही कोण जाणे, म्हणाली, "आमच्या गेटवर रोज संध्याकाळी पिशवी उघडून दाखवा लागस. डबा बी. डब्याचं झाकन बी. बाई एखादा साडीचा तुकडा नेईल म्हनून. वीस वरसं झाली. चोरी नही करी, तरी झाकन उघडताना हात थरथरस."

त्या दिवसापासून तिच्या मांडीवर बॅग ठेवताना मला वेगळं वाटायला लागलं.

आता त्या संध्याकाळबद्दल.

परतीच्या बसला अक्का अमरोलीहून बसून यायची, मी वराछाला चढायचे. त्या दिवशी कापोद्र्याला एक बारीक बाई चढली. तिच्याकडे मरून रंगाची रेक्झिनची बॅग होती, जुनी, एका बाजूनं शिवलेली. ती बॅग छातीशी धरून उभी होती, आणि प्रत्येक वळणाला पडायला येत होती. अक्कानं हात पुढे केला. बाईनं जरा विचार केला आणि बॅग दिली. "आंटी, मेरा नवागाम है, बोल देना." अक्काला 'आंटी' आवडायचं नाही. पण त्या वेळी तिनं काही टोमणा मारला नाही. बॅग सगळ्यात खाली ठेवली, कारण नवागाम शेवटी.

पर्वत पाटियाला पुष्कळ लोक उतरतात. ती बाई दारापाशी होती. दाराजवळच्यांनी आधी खाली उतरायचं, उतरणाऱ्यांना वाट द्यायची आणि मग पुन्हा चढायचं, ही आपली रीतच आहे. ती उतरली. मी धक्काबुक्की करत नाही, म्हणून सगळ्यात शेवटी उतरले. ती माझ्यासाठी बाजूला होऊन थांबली होती. मी उतरले आणि तिनं पायरीवर पाय ठेवायच्या आधी दार बंद झालं.

तिनं काचेवर हात मारले. आत गर्दीतून मरून बॅग वर आलेली मला दिसली, अक्कानं ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. बस गेली.

ती बाई माझ्याकडे वळली. मीच सगळ्यात जवळ होते. तिच्या चेहऱ्यावर प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी सांगू शकले असते, की मी त्या मावशींना ओळखते, त्या रोज याच बसला असतात, तुमची बॅग कुठेही जाणार नाही. कानातले इअरफोन काढायला माझा हात वर गेला. तेवढ्या वेळात ती धावत रस्त्यावर गेली आणि एका रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या मांडीवर ती बॅग होती.

"पुढच्या स्टेशनला उतरले मी," ती म्हणाली. "म्हटलं मागच्या बसनं येईल. आठ वाजेपर्यंत बसले. ती कशाला येते? ती गेली असेल नवागामले, तिनं मला नवागाम सांगितलेलं ना! सरळ घरी गेले असते तर भेटली असती. अकलीचा कांदा मी."

मी रिक्षाबद्दल बोलले नाही.

मग रोज सकाळ-संध्याकाळ ती बॅग प्रवास करू लागली. अक्का ती ढिगाच्या सगळ्यात वर ठेवायची, सगळ्यांना दिसेल अशी. परतताना पर्वत पाटियाला उतरून तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाला निरोप दिला, "मरून बॅगवाली आली तर सांग, साडेसहाच्या बसला आहे." कारखान्याच्या गेटवर एक दिवस भांडण झालं. पहारेकरी म्हणाला ही पण उघड, अक्का म्हणाली माझी नाही. शेवटी तिनं बॅग बाहेरच्या पानवाल्याकडे ठेवायला सुरुवात केली, आणि जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघून यायची.

बसमधल्या बायकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. डेपोत जमा कर.

"डेपोत ती कशाला जाईल? तिनं डेपोला दिली का? माझ्या मांडीवर ठेवी."

मग उघडून बघ, फोन नंबर असेल. त्यावर अक्का खिडकीबाहेर बघायची. हिरव्या बॅगवाली एकदा चिडून म्हणाली, "अक्का, आत औषध-बिवषध असलं तर? तुमच्या तत्त्वापायी ती बाई मरायची!"

अक्काचा चेहरा पडला. "औषध नही," ती हळू म्हणाली. "कागद आहेत. वजनावरून समजस." पण त्या दिवशी ती बॅग सारखी हातांत तोलून बघत राहिली. तिच्याही मनात तेच असावं, की आपण धरून बसलो आहोत ते बरोबर की चूक. मलाही ठरवता येत नव्हतं. आजही येत नाही.

शुक्रवारी ती म्हणाली, "सोमवारपासून कारखाना सचिनला. टेम्पो येईल. ह्या बसला मी नही आता."

मी बॅगेकडे पाहिलं. तीही बघत होती. ती बाई शोधायला आली तर ह्याच बसला येणार, आणि ह्या बसला अक्का नसणार.

शनिवारी संध्याकाळी तिनं मला पर्वत पाटियाला उतरताना थांबवलं आणि स्वतःही उतरली. आम्ही स्टेशनच्या बाकावर बसलो. तिनं बॅग माझ्या मांडीवर ठेवली.

"तू उघड. मला वाचता येत नही. नंबर बघ, पत्ता बघ. बाकी काय आहे ते मला सांगू नको."

तेव्हा मी बोलले. रिक्षाचं सांगितलं. ती माझ्यासाठी बाजूला झाली होती हे सांगितलं, आणि मला सगळं माहीत असून मी गप्प राहिले हेही. इतकं सलग मी बसमध्ये कधी बोलले नव्हते. अक्कानं ऐकून घेतलं. मला वाटलं ती रागावेल.

"तुझं तोंड बंद असतं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "हात चालतात ना? उघड."

मी चेन उघडली. आत कागद होते, अक्का म्हणाली होती तसे. कसले, ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की ते त्या बाईला लवकर हवे असणार आणि दुसरीकडून मिळणार नव्हते. एका कागदावर कोसाडच्या आवासचा, म्हणजे सरकारी घरकुलांचा, पत्ता होता. नंबर होता तो लागत नव्हता. मी पत्ता मोठ्यानं वाचला आणि चेन लावली. अक्कानं बॅग परत घेतली.

रविवारी दुपारी आम्ही कोसाडला गेलो. ऑफिसशिवाय, सुट्टीच्या दिवशी, बसमधल्या ओळखीच्या माणसाबरोबर मी कधी कुठे गेले नव्हते. घरी आईला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आवासच्या इमारती सगळ्या सारख्या. नंबर वाचायचं काम माझं, लोकांना विचारायचं काम अक्काचं. तिसऱ्या मजल्यावर कुलूप होतं. शेजारची बाई तांदूळ निवडत दारात बसली होती. अक्कानं विचारलं तशी तिनं सूप बाजूला ठेवलं.

"वो तो पर्वत पाटिया गई। रोज जाती है, काम छूटने के बाद, साढ़े सात बजे। इतवार को तो दोपहर से ही जाकर बैठती है। किसी मासी को ढूँढती है। उस दिन छुट्टी लेकर किसी काम से नवागाम जा रही थी, बैग वहीं बस में छूट गई।" मग तिची नजर बॅगेवर गेली. "अरे! आप ही हो क्या?"

अक्का जिन्यावर मटकन बसली. साडेसहाला आम्ही पर्वत पाटियावरून जात होतो, आणि साडेसातला ती तिथे येत होती. खिडकीवरचा माणूस सात वाजता बदलतो, हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

परत येताना अक्का दारापाशीच उभी राहिली. बस निम्मी रिकामी होती, तरी बसली नाही.

ती बाई स्टेशनच्या काचेच्या दाराशी होती. बस थांबली, दार उघडलं, आणि तिला आधी बॅग दिसली. ती ओरडली वगैरे नाही. पुढे आली आणि बॅगेवर हात ठेवला, घेतली नाही, नुसता ठेवला. अक्का खाली उतरली. मी मागोमाग.

"बघून घे," अक्का म्हणाली. "सगळं आहे का बघ."

"नहीं आंटी, भरोसा है।"

"भरोसा राहू दे. बघ. नाहीतर घरी गेल्यावर मनात येईल." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिनं उघडली होती, पत्त्यासाठी. माझ्या सांगण्यावरून. तिनं मला काही सांगितलं नही."

एवढं बोलून ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीवर बसच्या मार्गांचा नकाशा होता, रंगीत रेघांचा. अक्का तो वाचत असल्यासारखी बघत होती. मागे बाईनं चेन उघडली. कागद एकेक बाहेर येत होते, त्यांचा आवाज होत होता. मीही नकाशाकडे बघू लागले. बराच वेळ गेला. मग रडण्याचा आवाज आला आणि चेन लागली.

"आंटी, सब है। आपको पता है इसमें क्या..."

"नको सांगू," अक्का वळून म्हणाली. "मला समजलं तर तू भेटली की मला तेच दिसेल. तू नही दिसनार."

बाईला मराठी किती कळलं कोण जाणे. तिनं अक्काचा हात धरून तिला बाकावर बसवलं.

माझं घर तिथून जवळ. मला कोणी थांब म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी "येते" म्हटलं तेव्हा अक्कानं मान हलवली, तिचं लक्ष दुसरीकडे होतं. नवागामची बस आली. ती उठली नाही.

रस्ता ओलांडून मी वळून पाहिलं. काचेतून दोघी दिसत होत्या. अक्का काहीतरी विचारत होती, बहुतेक मुलूख कोणता, किती वर्षं झाली इकडे येऊन, असलंच काही. बाई पदरानं नाक पुसत उत्तर देत होती आणि मध्येच हसली. दुसरी बस आली, दारं उघडली, मिटली. तीही गेली. त्या बोलतच होत्या.